भाग ३१: गिअर तुटलाच नव्हता

(हा भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "अ‍ॅक्च्युअली" शक्य तेवढे काढलेत. सगळे निघाले नाहीत.)

आजचा भाग विमानाच्या इंजिनाचा आहे, पण सुरुवात ट्रॅक्टरपासून करावी लागणार, कारण हा विषय माझ्या डोक्यात शिरला तोच मुळी ट्रॅक्टरच्या शेजारी उभं राहून.

मे २०२३. मी सुट्टीला घरी गेलो होतो. आमचं घर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. नदीपलीकडे शिरूर तालुका, आजोळ न्हावऱ्याकडं. टीव्हीवर बातमी चालू होती की गो फर्स्ट कंपनीची सगळी विमानं थांबली, इंजिनं खराब निघाली म्हणून. अण्णा, म्हणजे माझे वडील, रोटाव्हेटरचं काहीतरी खोलून बसले होते. मी त्यांना सांगितलं की या इंजिनात नवीन काय होतं तर गिअर. पंखा आणि इंजिन यांच्यामध्ये गिअरबॉक्स घातला होता, इंधन वाचावं म्हणून. अण्णांनी वर न बघता निकाल दिला, "आरं, मंग गिअरच तुटला आसंल."

मी बीटेक मेकॅनिकल. नोकरी सॉफ्टवेअरची, खराडीत. आमच्या बॅचमधले निम्मे लोक असेच आहेत, त्यामुळे मला लाज वाटत नाही. पण त्या दिवशी मला अण्णांना खात्रीनं उत्तर देता आलं नाही, आणि त्याची मात्र वाटली. मग वाचायला घेतलं. त्या वाचनाचा हा भाग.

आधी गिअर हवाच कशाला, ते बघू.

विमान पुढं जातं कारण इंजिन हवा मागं ढकलतं. हे ढकलणं दोन प्रकारे जमतं. थोडी हवा घ्या आणि प्रचंड वेगानं फेका, किंवा भरपूर हवा घ्या आणि हळू ढकला. जोर दोन्हीकडे सारखा मिळू शकतो. खर्च सारखा येत नाही. जोर हा हवेचं वजन गुणिले वेग असा वाढतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. इंजिन जागेवर उभं आहे असं धरलं, तर हवा दुप्पट घेतली आणि वेग निम्मा केला की जोर तेवढाच राहतो आणि ऊर्जा निम्मी लागते. उडत्या विमानाचं गणित थोडं वेगळं असतं, पण दिशा तीच. विमान सेकंदाला २३० मीटर वेगानं चाललंय आणि मागं फेकलेली हवा ४६० मीटरनं जातेय, तर त्या ढकलण्यातली साधारण ६७ टक्के मेहनत विमानाच्या कामी येते. हवा ३०० मीटरनंच फेकली तर ८७ टक्के. बाकीची मेहनत मागच्या हवेत वावटळ होऊन जाते, आणि कानाला आवाज होऊन ऐकू येते.

लोहगावच्या विमानतळाजवळ राहणाऱ्यांना हे समीकरण न लिहिता पाठ आहे. एकाच धावपट्टीवरून हवाई दलाचं सुखोई उडतं आणि प्रवाशांचं एअरबसही. सुखोई उडालं की खिडक्या थरथरतात. त्याच्या इंजिनात गाभ्यातून जाणाऱ्या हवेपेक्षा बाहेरून वळसा घालून जाणारी हवा कमी असते. या प्रमाणाला बायपास रेशो म्हणतात. सुखोईत ते एकाच्या आत आहे, नव्या एअरबसमध्ये अकरा-बाराच्या घरात.

हा आकडा शून्यापासून बारापर्यंत चढला, तीच आजची गोष्ट. आणि ती बऱ्यापैकी मुंबईत बसून बघता येते.

जेट इंजिनाचं पेटंट ब्रिटनच्या फ्रँक व्हिटलनं १९३० मध्ये मागितलं. बायपासची कल्पनाही त्यानंच १९३६ मध्ये नोंदवून ठेवली. म्हणजे इंजिन हवेत उडायच्या आधीच ते काटकसरी कसं करायचं हे कागदावर होतं. प्रत्यक्षात प्रवासी विमानांत पहिली बायपास इंजिनं आली ती रोल्स-रॉइसची कॉनवे. आणि जगातल्या ज्या मोजक्या कंपन्यांनी आपल्या बोइंग ७०७ ला कॉनवे लावून घेतली, त्यात जेआरडी टाटांची एअर इंडिया होती. पहिलं ७०७ १९६० च्या सुरुवातीला मुंबईत आलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात एअर इंडिया न्यूयॉर्कला पोचली. कॉनवेचा बायपास रेशो होता फक्त ०.३. आज हसू येईल. पण त्या वेळी बाकीच्या बहुतेक ७०७ मध्ये तेवढाही नव्हता.

(२४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लांवर पडलेलं 'कांचनजंगा', ज्यात होमी भाभा गेले, ते याच जातीचं कॉनवेवालं ७०७. इंजिनाचा त्या अपघाताशी संबंध नाही. पण या विमानाचं नाव घेतलं की ते आठवतंच.)

१९७१ मध्ये एअर इंडियाचं पहिलं जंबो आलं, 'एम्परर अशोक'. त्यावर प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं, बायपास रेशो पाचच्या आसपास. अकरा वर्षांत ०.३ वरून ५. पंखा एवढा मोठा की माणूस आत उभा राहील. इथून पुढं मात्र वेग मंदावला, आणि का मंदावला ते समजायला परत ट्रॅक्टरकडं यावं लागतं.

रोटाव्हेटर चालवायला ट्रॅक्टरच्या पीटीओला मिनिटाला ५४० फेरे लागतात. इंजिन मात्र दोन हजारांच्या आसपास फिरत असतं. इंजिनाला जोरात फिरायला आवडतं आणि अवजाराला हळू. मध्ये गिअर नसेल तर दोघांपैकी एकाला नावडत्या वेगात राबावं लागतं. विमानाच्या पंख्याचं तंतोतंत हेच. पंखा मोठा केला की त्याच्या पात्यांची टोकं आवाजाच्या वेगापुढं जातात, आवाज वाढतो आणि कार्यक्षमता पडते, म्हणून त्याला हळू फिरवायला हवं. पण त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला टर्बाइन आहे, तिला हळू फिरवलं तर ती आळशी होते. मग तिच्यात एकामागोमाग एक जादा चकत्या बसवत जायच्या. वजन वाढतं, किंमत वाढते.

यावर गिअर हे उत्तर कुणालाही सुचेल. सुचलंही होतं. कोल्हापूरला उतरणाऱ्या एटीआरचा पंखा गिअरवरच फिरतो. छोट्या बिझनेस जेटमध्ये १९७० च्या दशकातच गिअरवाली फॅन इंजिनं आली होती. अडचण आकाराची. मोठ्या प्रवासी विमानाच्या गिअरबॉक्समधून जवळपास ३० हजार हॉर्सपॉवर जायची असते. गिअर ९९ टक्के कार्यक्षम आहे असं धरा. उरलेला एक टक्का म्हणजे ३०० हॉर्सपॉवर निव्वळ उष्णता. सहा पन्नास एचपीचे ट्रॅक्टर फुल रेस करून एका पिंपात कोंबल्यासारखं. ते पिंप थंड ठेवायचं, वर ते हजारो तास न खोलता चालायला हवं.

म्हणून लोकांनी आधी दुसरा रस्ता धरला. १९७३ मध्ये तेलाचा भाव काही महिन्यांत तीन डॉलरवरून बारापर्यंत गेला. नासानं पैसे ओतले. कल्पना अशी की पंख्याभोवतीचं वेष्टणच काढून टाकायचं. बाहेर उघडी, कोयत्यासारखी वाकडी पाती. जनरल इलेक्ट्रिकनं असं इंजिन करून ऑगस्ट १९८६ मध्ये बोइंग ७२७ वर उडवलं, पुढच्या वर्षी एमडी-८० वर. इंधनाची बचत खरोखरची होती, वीस-तीस टक्क्यांच्या गप्पा होत होत्या. १९८७ चा कॉलियर पुरस्कार, अमेरिकेतला विमानक्षेत्रातला सगळ्यात मानाचा, नासाला या कामासाठी मिळाला.

आणि त्याच १९८६ मध्ये तेलाचा भाव कोसळून निम्म्यावर आला. आवाज, थरथर, उघडं पातं तुटलं तर काय, हे प्रश्न होतेच. ते सुटले असते. पण स्वस्त तेलात ते सोडवायला पैसे कोण देणार? दशक संपता संपता गाशा गुंडाळला गेला. मला या सगळ्या इतिहासातला हा तुकडा सगळ्यात जास्त टोचतो. यंत्र चाललं होतं, बाजार चालला नाही.

(दर वेळी मेल येतात म्हणून सांगून टाकतो: तळपदे आणि पाऱ्याचं इंजिन या भागात नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला दिला जातो, त्यातली विमानं उडू शकणार नाहीत हे बंगळुरूच्या आयआयएससीच्या मंडळींनी १९७४ मध्येच दाखवून दिलंय. त्यावर कधीतरी वेगळं बोलू.)

गिअरवर प्रॅट अँड व्हिटनी मात्र चिकटून राहिली. १९९८ मध्ये त्यांनी एक गिअरवालं इंजिन जाहीर केलं, कुणी घेतलं नाही. पुन्हा काम केलं. २००८ मध्ये नवीन इंजिन स्वतःच्या जुन्या जंबोवर टांगून उडवून दाखवलं. त्याच वर्षी तेल १४० डॉलरच्या वर जाऊन आलं होतं, म्हणजे या वेळी बाजार बाजूनं होता. डिसेंबर २०१० मध्ये एअरबसनं ए३२० निओ जाहीर केलं आणि गिऱ्हाइकाला दोन इंजिनांतून निवड दिली.

एक प्रॅटचं गिअरवालं. पंखा टर्बाइनच्या साधारण एक तृतीयांश वेगानं फिरतो, टर्बाइन मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास. जोरात फिरते म्हणून तिला तीनच चकत्या पुरतात. दुसरं सीएफएमचं लीप, म्हणजे जीई आणि फ्रान्सची साफ्रान यांचं भागीदारीतलं. त्यांनी गिअर टाळला, टर्बाइनला सात चकत्या दिल्या, आणि बचत दुसरीकडून काढली. पंख्याची पाती विणलेल्या कार्बन फायबरची, आत तापमान सोसणारे सिरॅमिकचे भाग. दोघांचाही दावा साधारण पंधरा टक्के इंधन बचतीचा. आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चात इंधनच पस्तीस-चाळीस टक्के असतं, म्हणजे पंधरा टक्के ही जगण्या-मरण्याची गोष्ट.

लीपचं एक टोक आपल्या दाराशी आहे. चाकणला जीईचा कारखाना आहे, फेब्रुवारी २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालेला. तिथं विमानाच्या इंजिनांचे भाग बनतात, लीपचेही. शिक्रापूर-चाकण रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलेले असता तेव्हा पुढच्या कंटेनरमध्ये काय असेल सांगता येत नाही. शिरूर तालुक्यातली किती पोरं रोज त्या रस्त्यानं चाकणला कामाला जातात, ते वेगळं सांगायला नको.

तर भारतात इंडिगोनं आणि मुंबईच्या वाडिया समूहाच्या गोएअरनं, जी २०२१ मध्ये गो फर्स्ट झाली, दोघांनीही प्रॅटचं गिअरवालं इंजिन निवडलं. गोएअरनं २०११ मध्ये ७२ निओ मागवली, २०१६ मध्ये आणखी ७२. भरवसा पूर्ण याच इंजिनावर.

२०१६ मध्ये विमानं आली आणि तक्रारी सुरू झाल्या. इथं अण्णांचा प्रश्न लक्षात ठेवा.

पहिली तक्रार: बंद केलेलं इंजिन थंड होताना आतला दांडा किंचित वाकतो, म्हणून पुन्हा सुरू करायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. मग ज्वलनकक्षाचं अस्तर लवकर झिजायला लागलं, उष्ण आणि धुळीच्या हवेत अजून लवकर. मग २०१८ च्या सुरुवातीला एका सीलची भानगड. हे सील खरं तर सुधारणा म्हणून बदललेलं. डीजीसीएनं त्या मार्चमध्ये इंडिगोची आठ आणि गोएअरची तीन विमानं जमिनीवर ठेवायला लावली. मग टर्बाइनच्या तिसऱ्या चकतीची पाती तुटून हवेत इंजिनं बंद पडायला लागली. २०१९ च्या शेवटी डीजीसीएनं ती इंजिनं बदलायची मुदत दिली, आणि ती मुदत पुढं दोनदा वाढवावी लागली. "मेन गिअरबॉक्स" असंही एक नाव तेव्हा पेपरात गाजलं. पण तो पंप आणि जनरेटर चालवणारा बाजूचा गिअरबॉक्स, तसला सगळ्याच जेट इंजिनांना असतो. पंख्याचा तो नवीन, धाडसी, वीस वर्षं खपून केलेला गिअर, ज्याची सगळ्यांना भीती होती, तो या यादीत नाही.

सगळ्यात मोठा घाव तर जुलै २०२३ मध्ये कळला, गो फर्स्ट बंद पडल्यावर. प्रॅटच्या मूळ कंपनीनं जाहीर केलं की २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत बनलेल्या काही चकत्यांच्या धातूच्या भुकटीत सूक्ष्म अशुद्धी होती. या चकत्या भुकटी दाबून घडवतात. अशुद्धीच्या जागी तडा जाऊ शकतो, म्हणून शेकडो इंजिनं उतरवून तपासायची. आमच्या धंद्यात याला डिपेंडन्सीतला बग म्हणतात. तुमचा कोड तुम्ही शंभर वेळा तपासता, आणि सिस्टिम पडते ती कुणाचं लक्ष नसलेल्या लायब्ररीमुळे.

गो फर्स्टचं म्हणणं असं होतं की १ मे २०२३ ला इंजिनांअभावी २५ विमानं, म्हणजे जवळपास निम्मा निओ ताफा, उभा होता. २ मेला कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, ३ तारखेपासून उड्डाणं थांबली. प्रॅटनं आरोप फेटाळले आणि उलट म्हटलं की गो फर्स्ट पैसे थकवण्यात जुनी आहे. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी अवसायनात काढायचा आदेश झाला. पायलट, केबिन क्रू, ग्राउंड स्टाफ, हजारो घरं. इंडिगोकडेही हीच इंजिनं होती, तिचीही सत्तरच्या आसपास विमानं नंतर उभी राहिली. पण तिच्या गाठीला पैसा होता आणि २०१९ मध्येच तिनं पुढच्या २८० विमानांसाठी लीप निवडून ठेवलं होतं. मला विचाराल तर इंजिनानं कंपनी जखमी केली हे खरं, पण मेली ती सगळी अंडी एका टोपलीत ठेवल्यामुळे आणि तोट्याची वर्षं झेलायला अंगात चरबी नसल्यामुळे. लीपलाही आपल्या धुळीत, उन्हात त्रास झालाच आहे. फरक एवढाच की तो कमी गाजला.

त्याच मे महिन्यात अजून एक विमान बातमीत होतं, ते आमच्या घरी जास्त आवडीनं बघितलं गेलं. १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला एअरएशिया इंडियाचं विमान गेलं, इंधनात देशी जैवइंधन मिसळून. ते पुण्याच्या प्राज कंपनीनं इंडियन ऑइलबरोबर केलेलं, उसाच्या मळीपासून. पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा या दोन कारखान्यांच्या मधल्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटेल सांगा! मामा तर म्हणाले, "आता विमानबी आपल्याच उसावर." लगेच फोन करून अण्णांना ऐकवलं.

मी जरा विरजण घातलं. हे इंधन इंजिनाची भूक कमी करत नाही, तेवढाच घास दुसऱ्या ताटातून देतो. २०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत एक टक्का, २०३० ला पाच टक्के असं सरकारी उद्दिष्ट आहे. एक टक्का मिसळायला जो खटाटोप लागतो, त्याच्या पंधरा पट इंधन नव्या इंजिनानं वाचतं. आणि ऊस पाणी पितो. पाऊस कमी झाला तेव्हा, डिसेंबर २०२३ मध्ये, सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधनं घातली होती, कारखानदार विसरले नसतील. मामांना हे आवडलं नाही. "तू शिकलास त्येचा उपेग काय," असं काहीतरी म्हणाले.

इंजिनवाल्यांचं पुढं काय चाललंय? जीई आणि साफ्राननं २०२१ मध्ये जाहीर केलं की ते पुन्हा उघड्या पात्यांचं इंजिन करणार. तेच १९८६ वालं, वेष्टण नसलेलं. आजच्या इंजिनांपेक्षा वीस टक्के कमी इंधन हे लक्ष्य. मोठ्या ए३८० वर टांगून ते तपासायचा एअरबसचा बेत आहे. आणि यात गिअर आहे! लीपच्या वेळी ज्यांनी गिअर टाळला तेच आता घालतायत.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा हे सगळं अण्णांना सांगितलं. सील, पाती, भुकटी, बाजूचा गिअरबॉक्स, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, शेवटी विचारलं, "म्हंजी गिअर शाबूत व्हता?"

"हो अण्णा. पंख्याचा गिअर शाबूत होता."

"कुठल्या कंपनीचं त्येल घालत्यात त्यात?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर कळवा. पुढच्या भागात दौंड जंक्शन: कोळशाची इंजिनं गेली तेव्हा गावात कोण कोण बेकार झालं. भेटू.